सस्पेन्शन आणि मालकाचा पाना

मोटारीचा सांगाडा आणि तिची चाके यांच्यामध्ये राहून भार पेलणाऱ्या, रस्त्याचा धक्का सौम्य करणाऱ्या आणि चाकाला त्याच्या जागी धरून ठेवणाऱ्या भागांच्या संचाला सस्पेन्शन म्हणतात, आणि कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही मोटारीत हा संच म्हणजे एक तडजोड असते. मऊ स्प्रिंग बसणाऱ्याला सुख देते, परंतु वळणावर गाडी एका अंगाला झुकते आणि पाच माणसे सामानासह बसली की तिचे बूड रस्त्याला टेकू पाहते. ताठ स्प्रिंग ओझे पेलते व वळणावर गाडी सावरते, परंतु रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्याला उसळते. निर्माता ही तडजोड अनोळखी गिऱ्हाइकासाठी करतो, तर मालकाला स्वतःचा रस्ता, स्वतःचे ओझे आणि स्वतःचा वेग नेमका ठाऊक असतो. या अंतरातूनच घराच्या अंगणात किंवा ओळखीच्या लोहाराच्या भात्यापाशी सस्पेन्शन बदलण्याची प्रथा निर्माण झाली, आणि ती जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. या प्रथेत मालकाचे कौशल्य आणि हौस यांना महत्त्व आहेच; तथापि कोणत्या काळात मालकाला काय करता आले, हे बव्हंशी सस्पेन्शनमधील कोणते काम कोणत्या भागाकडे सोपवलेले होते यावर ठरत गेले.

मोटारीला पहिले सस्पेन्शन घोडागाडीकडून मिळाले. इंग्लंडमध्ये ओबाडाया एलियट याने 1804 मध्ये लंबवर्तुळाकार पोलादी कमानींचे पेटंट घेतले आणि गाडीखालचा जड लाकडी दांडा वगळून बैठक थेट कमानींवर ठेवण्याची वाट मोकळी केली. मुंबईच्या रस्त्यांवर पुढे दीर्घकाळ धावलेल्या व्हिक्टोरिया याच घराण्यातल्या. अशी कमान म्हणजे एकावर एक रचलेल्या, वरून खाली लांबीने कमी होत जाणाऱ्या पोलादी पट्ट्यांची चवड. महाराष्ट्रातील गॅरेजांत या पट्ट्यांना पाटे आणि सबंध चवडीला कमानपाटा म्हणतात. मधोमध आरपार गेलेला सेंटर बोल्ट पाट्यांना एकत्र ठेवतो, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे बोल्ट त्यांना ॲक्सलशी आवळतात, आणि सर्वांत लांब पाट्याच्या टोकांना वळवून केलेल्या डोळ्यांतून ती चवड गाडीच्या सांगाड्याला जोडली जाते. कमान दबली की तिची लांबी वाढते, म्हणून तिचे एक टोक शॅकल नावाच्या झुलत्या कडीवर बसवलेले असते.

या रचनेत तिन्ही कामे एकाच वस्तूकडे होती. कमान भार पेलत असे, ॲक्सल पुढेमागे किंवा आडवा सरकू देत नसे, आणि पाटे एकमेकांवर घासत असल्यामुळे हेलकावेही थोडेफार शमवत असे. घरगुती फेरबदलाच्या दृष्टीने ही सोय होती तशीच अडचणही होती. चवड सुट्ट्या पाट्यांची असल्याने ती सोडून एखादा पाटा वाढवणे किंवा काढणे, बसलेल्या पाट्याला तापवून पुन्हा बाक देणे आणि पाणी पाजणे, ही कामे गावचा लोहार करू शकत असे आणि त्यासाठी त्याला मोटारीचे शास्त्र अवगत असण्याची गरज नव्हती. परंतु पाट्याचा ताठपणा त्याच्या रुंदीच्या सरळ प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली तर ताठपणा आठपट होतो. त्यामुळे अंदाजाने घातलेला जाड पाटा ओझ्याचा प्रश्न सोडवताना गाडीची चाल पार बिघडवून टाकी. शिवाय एक पाटा वाढवला की भारक्षमता, उंची आणि पाट्यांमधले घर्षण ही तिन्ही एकदम बदलत. त्यांतील एकच बदलावी, दुसरी तशीच राहावी, अशी मुभा कमान देत नसे.

फोर्डचे मॉडेल टी 1908 मध्ये आले आणि 1927 पर्यंत त्याच्या दीड कोटीहून अधिक गाड्या बनल्या, तेव्हा या मर्यादेचा अनुभव प्रथमच सामान्य माणसांच्या फार मोठ्या समूहाने घेतला. त्या गाडीला पुढे एक आणि मागे एक अशा दोनच आडव्या कमानी होत्या आणि धक्का शमवणारा स्वतंत्र भाग एकही नव्हता. ही उणीव भरून काढणाऱ्या जोडसामानाचा मोठा बाजार अमेरिकेत उभा राहिला, आणि ते सामान टपालाने मागवून शेतकरी आपल्या कोठारात पान्याने बसवू लागले. इंडियानापोलिसच्या हॅसलर कंपनीचे ‘शॉक ॲब्सॉर्बर’ हे त्यांतले प्रसिद्ध उदाहरण होय. वस्तुतः ती मूळ कमानीच्या टोकाशी बसणारी पूरक वेटोळी स्प्रिंग होती, म्हणजे नावाप्रमाणे ती धक्का गिळत नसे, तर कमानीच्या मदतीला आणखी एक मऊ स्प्रिंग देत असे. क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टरने काढलेल्या गॅब्रिएल स्नबरचे तत्त्व वेगळे होते: गाडी दबताना त्यातला गुंडाळलेला पट्टा सैल सुटे आणि गाडी उसळू लागली की तोच पट्टा ताणून तिला आवरी. गॅब्रिएल हे नाव फॉस्टरने आधी आपल्या भोंग्याला दिले होते, आणि पुढे तेच नाव मुंबईपर्यंत येऊन पोहोचले.

येथून एक काम कमानीपासून वेगळे होऊ लागले. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते आणि परत देते. ती ऊर्जा उष्णतेत घालवून हेलकावा थांबवण्याचे काम दुसऱ्याच भागाने करायचे, आणि या भागाला डॅम्पर किंवा रूढ भाषेत शॉक ॲब्सॉर्बर म्हणतात. फ्रान्समधील त्रुफो याने घर्षणावर चालणारा डॅम्पर तयार केला आणि अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डने त्याचे हक्क घेऊन तो विकायला आणला. कात्रीसारख्या उघडमीट करणाऱ्या दोन बाहूंच्या सांध्यात चकत्या दाबून बसवलेल्या असत आणि मधला नट आवळला की डॅम्पर ताठ होई. मालकाला स्प्रिंगला हात न लावता केवळ पाना फिरवून गाडीची चाल बदलता येण्याची ही आरंभीची सोय होती, आणि शर्यतींचे चालक तिचा भरपूर वापर करीत. तिच्यात दोष मात्र तत्त्वाचाच होता: कोरडे घर्षण स्थिर अवस्थेत सर्वाधिक असते आणि हालचाल सुरू होताच कमी होते, त्यामुळे लहान खडबडीवर डॅम्पर हलतच नसे आणि मोठ्या उसळीला, जेव्हा रोध खरोखर हवा तेव्हा, तो पुरा पडत नसे. तेलाला बारीक छिद्रातून ढकलणाऱ्या हायड्रॉलिक डॅम्परने हा क्रम उलटवला, कारण तेलाचा रोध वेगाबरोबर वाढतो. फ्रान्सच्या मॉरिस उदाय याच्या नावाचे असे डॅम्पर 1927 च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीवर कारखान्यातूनच बसून येऊ लागले.

कामे वेगळी झाली, तशी ती मोजण्याचे शास्त्रही विकसित झाले. गाडी आपल्या स्प्रिंगांवर ज्या ठरावीक गतीने वरखाली डोलते तिला नैसर्गिक वारंवारिता म्हणतात, आणि ती स्थिर भाराखाली स्प्रिंग किती दबते यावर ठरते: सुमारे 25 सेंमी दबली तर सेकंदाला एक हेलकावा, सुमारे 11 सेंमी दबली तर दीड. माणसाचे शरीर चालताना याच मर्यादेच्या आसपास वरखाली होते, म्हणून ही गती त्याला सुखाची वाटते, असा विचार इंग्लंडचे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी मांडला होता. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेले मॉरिस ओली यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभी वजने पुढेमागे सरकवता येतील अशी चाचणीची गाडी बनवून दाखवले की, पुढची स्प्रिंग मागचीपेक्षा मऊ असावी. उंचवट्यावर पुढचे चाक आधी चढते, मागचे नंतर. मागची बाजू किंचित जलद डोलली तरच ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी पुढेमागे झुलण्याऐवजी सपाट राहते. याच कामातून 1934 मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांना स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन मिळाले, म्हणजे डावे आणि उजवे चाक एका ताठ ॲक्सलने जखडलेले न राहता आपापल्या परीने हलू लागले. ओलींचा निष्कर्ष घरगुती फेरबदल करणाऱ्यांना पुढे वारंवार भोवला, कारण केवळ पुढची किंवा केवळ मागची स्प्रिंग बदलून ही जुळणी मोडणे सहज शक्य असते.

फोर्डने मात्र आपल्या मोटारींना ताठ ॲक्सल आणि आडव्या कमानी 1948 च्या मॉडेलपर्यंत कायम ठेवल्या, आणि या हट्टाचा अनपेक्षित फायदा दक्षिण कॅलिफोर्नियातील हॉट रॉडवाल्यांना झाला. जुनी स्वस्त फोर्ड घेऊन ती हलकी आणि वेगवान करणाऱ्या या तरुणांना जवळजवळ दोन दशकांचे भाग भंगारात मिळत आणि ते बहुधा एकमेकांत बसत. गाडी खाली आणण्यासाठी ते कमानीतले पाटे कमी करीत, मुख्य पाट्याचे डोळे उलट्या बाजूला वळवून घेत, किंवा पुढच्या ॲक्सलची टोके तापवून वर वाकवीत, जेणेकरून चाके जागच्या जागी राहून सांगाडा तेवढा खाली येई. मरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांवर वेगाच्या चाचण्या होत, तेथे खड्डे नव्हते. म्हणून आरामाची किंमत मोजून खालची उंची घेणे त्यांना परवडत असे. 1937 मध्ये स्थापन झालेल्या सदर्न कॅलिफोर्निया टाइमिंग असोसिएशनने या चाचण्यांना शिस्त लावली, आणि 1948 च्या जानेवारीत निघालेल्या ‘हॉट रॉड’ मासिकाने घरच्या घरी करता येतील अशा फेरबदलांची माहिती देशभर पोहोचवली.

त्याच प्रदेशात लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतून लोरायडरची प्रथा उभी राहिली आणि तिने वेगाचा विचार बाजूला सारला. व्हिटियर बुलेव्हार्डवर गाडी शक्य तितकी जमिनीलगत ठेवून सावकाश मिरवणे हा तिचा हेतू होता. आरंभी डिकीत वाळूची किंवा सिमेंटची पोती टाकून मागची बाजू दाबली जाई; पुढे वेटोळ्या स्प्रिंगा कापण्याचा किंवा तापवून बसवण्याचा मार्ग रूढ झाला. वेटोळे कापण्यामागचे गणित सोपे असले तरी फसवे आहे. स्प्रिंगचा ताठपणा काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून दहांतले एक वेटोळे कापले की गाडी खाली येते आणि उरलेली स्प्रिंग सुमारे 11 टक्के अधिक ताठ होते. खाली आलेल्या गाडीला हालचालीसाठी जागा कमी उरत असल्याने हा वाढीव ताठपणा काही अंशी उपयोगीही पडतो. तापवलेल्या स्प्रिंगचे मात्र तसे नाही, कारण उष्णतेने पोलादाचे पाणीच उतरते आणि ती पुढे किती बसत जाईल याचा भरवसा राहत नाही.

1950 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात कलम 24008 आले आणि फेरबदल केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असणे बेकायदा ठरले. सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगिरेने 1959 मध्ये आपल्या कॉर्व्हेट गाडीत विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर बसवून यावर तोड काढली: गाडी उभी असताना जमिनीलगत, आणि पोलीस दिसताच कळ दाबून कायदेशीर उंचीवर. पुढे मालट्रकच्या मागचे फळके उचलणारे पंप आणि डिकीतल्या बॅटऱ्यांची रांग हे या कामाचे नेहमीचे साहित्य झाले. 1958 पासूनच्या शेव्हरोले इम्पालाच्या चारही चाकांना वेटोळ्या स्प्रिंगा होत्या. त्या मागच्या ॲक्सलला धरून ठेवण्याचे काम करीत नसत, ते काम वेगळ्या दांड्यांकडे होते, म्हणून स्प्रिंगच्या जागी सिलिंडर घुसवला तरी चाक जागेवर राही. कमानीच्या गाडीत इतक्या सहजपणे हे करता आले नसते. लोरायडरांनी इम्पालाला दिलेल्या पसंतीमागे तिच्या लांबरुंद देखणेपणाबरोबर कामांच्या या वाटणीचाही भाग होता.

फोक्सवॅगन बीटलमध्ये हीच वाटणी आणखी वेगळ्या रूपात दिसते. तिच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये पोलादी सळई पिळली जाऊन स्प्रिंगचे काम करते. तिला टॉर्शन बार म्हणतात आणि फर्डिनंड पोर्श यांच्या कार्यालयाने 1931 मध्ये या रचनेचे पेटंट घेतले होते. सळईच्या आतल्या टोकाला 40 आणि बाहेरच्या टोकाला 44 दाते असतात. आतले टोक एका दात्याने फिरवले की 9 अंश आणि बाहेरचे एका दात्याने उलट फिरवले की सुमारे 8.2 अंश असा फरक पडून निव्वळ बदल एका अंशापेक्षाही कमी होतो. निर्मात्याने ही सोय जुळणीतील बारकाव्यासाठी ठेवली होती. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आणि किनाऱ्यावर बीटल चालवणाऱ्यांनी तिचाच उपयोग करून, एकही नवा भाग न घेता, गाडीची उंची वाढवली. भागांच्या रचनेत मुळातच असलेली मोकळीक मालकाच्या हाती कशी लागते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

ब्रिटनमध्ये या प्रथेला शर्यतीची आणि करप्रणालीची अशी दुहेरी चालना मिळाली. 1922 ते 1939 या काळात सुमारे 2,90,000 इतक्या संख्येने बनलेली ऑस्टिन सेव्हन ही छोटी गाडी पुढे जुन्या बाजारात अत्यंत स्वस्त झाली आणि तिचे वरचे कवच उतरवून हलकी गाडी बांधण्याचा छंद पसरला. 1939 मध्ये स्थापन झालेला सेव्हन-फिफ्टी मोटर क्लब हे त्याचे संघटित रूप. तिच्या पुढच्या ताठ ॲक्सलवर लेस्ली बॅलमी यांनी काढलेला उपाय धाडसी होता: ॲक्सल मधोमध कापायचा, दोन्ही तुकडे मध्यभागी बिजागरीसारख्या सांध्यावर टांगायचे, आणि अशा रीतीने दोन्ही चाकांना एकमेकांपासून स्वतंत्र हालचाल द्यायची. चाक वरखाली होताना त्याचा उभा कल, ज्याला कॅम्बर म्हणतात, या रचनेत बराच बदलतो, हा तिचा दोष होता. परंतु भंगारातल्या भागांतून स्वतंत्र सस्पेन्शन मिळते हा लाभ मोठा होता. लंडनमध्ये 1948 मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी बांधणाऱ्या कॉलिन चॅपमन यांनी पुढे लोटस मार्क सिक्समध्ये असाच दुभंगलेला फोर्ड ॲक्सल वापरला.

लोटसच्या या गाड्या सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकल्या जात, कारण तयार मोटारीवरचा खरेदीकर त्यांना लागू होत नसे. 1973 मध्ये मूल्यवर्धित कर येईपर्यंत ही सवलत टिकली. त्यामुळे सामान्य नोकरदार माणूस घरच्या गॅरेजात सस्पेन्शन मुळापासून जोडू लागला. 1957 च्या लोटस सेव्हनमध्ये डॅम्परभोवतीच वेटोळी स्प्रिंग बसवलेला जोडभाग होता, ज्याला कॉइलओव्हर म्हणतात. तो दोन बोल्टांवर सुटतो आणि स्प्रिंग किंवा डॅम्पर यांपैकी हवे ते बदलून परत बसवता येतो. जॉन हेन्स यांनी ऑस्टिन-हिली स्प्राइट गाडी पूर्ण सोडून आणि जोडून, प्रत्येक पायरीच्या छायाचित्रांसह 1966 मध्ये काढलेल्या पुस्तिकेने, आणि तिच्यामागोमाग आलेल्या मोठ्या मालिकेने, पूर्वी कारागिराकडून तोंडी मिळणारे ज्ञान छापील केले. 1959 च्या मिनी गाडीत ॲलेक्स मोल्टन यांनी पोलादी स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू घातले होते, आणि शंकू व चाकाचा बाहू यांच्यामधला ॲल्युमिनियमचा कर्ण्यासारखा तुकडा थोडा आखूड केला की गाडी खाली येई. त्याच्या जागी आटे फिरवून लांबी बदलता येणारा तुकडा पुढे बाजारात आला, तेव्हा करवतीचे काम पान्यावर आले.

डॅम्परच्या बाबतीत असेच घडले. हॉलंडमधील कोनी ही कंपनी 1857 मध्ये घोड्यांचे साज बनवणारा कारखाना म्हणून सुरू झाली आणि घोडागाड्यांचा काळ सरल्यावर मोटारीच्या शॉक ॲब्सॉर्बरकडे वळली. 1945 मध्ये तिने तयार केलेला डॅम्पर मालकाला स्वतः कमीजास्त करता येई. तो गाडीवरून काढायचा, पूर्ण दाबायचा आणि पिळून आतला नट फिरवायचा, एवढेच काम. फ्रेंच संशोधक बुर्सिए द कार्बो यांनी एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू वेगळे ठेवणारी रचना सिद्ध केली आणि जर्मनीच्या बिल्स्टाइनने 1957 मध्ये ती मर्सिडीजसाठी उत्पादनात आणली. साध्या डॅम्परमध्ये सतत खडबडीत रस्त्यावर तेलाला फेस येऊन रोध ढासळतो. वायूच्या दाबामुळे तो फेस होत नाही. घरी सस्पेन्शन सुधारू पाहणाऱ्याला यानंतर अवजार चालवण्यापेक्षा निवड करण्याचे काम अधिक उरले, आणि दुकानातून आणलेला भाग योग्य जोडीदाराशी बसवणे हेच त्याचे कौशल्य ठरले.

विभागलेली कामे पुन्हा एकवटण्याचा क्रम मॅकफर्सन स्ट्रटने सुरू केला. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने आखलेली ही रचना 1950 मध्ये ब्रिटनमधील फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत आली, आणि पुढे छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांची ती जवळजवळ सार्वत्रिक पद्धत झाली. तिच्यात डॅम्पर हाच चाकाला वरून धरणारा खांब असतो, त्याच्याभोवती स्प्रिंग असते आणि स्टिअरिंग फिरवताना तो सबंध खांब फिरतो. म्हणजे भार पेलणे, हेलकावा शमवणे आणि चाक जागेवर ठेवणे ही तिन्ही कामे पुन्हा एका ठिकाणी आली. निर्मात्याची जागा आणि खर्च वाचला, मालकाचे काम अवघड झाले. स्ट्रटमधली स्प्रिंग मोठ्या दाबाखाली बसवलेली असते, आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर नावाच्या साधनाने ती आवळून धरल्याशिवाय वरचा मधला नट काढला तर ती जीवघेण्या जोराने सुटते. स्ट्रट बदलल्यावर चाकांचा कॅम्बर आणि त्यांची पुढची टोके आतबाहेर किती वळली आहेत ते, ज्याला टो म्हणतात, नव्याने मोजावे लागते, अन्यथा टायर एका कडेला झिजतो. सांध्यांतील रबरी बुश गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे असतात. जॅकवर लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर ते कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. अशा लहान नियमांचे पालन हाच या टप्प्यावर घरगुती कामाचा कस ठरला.

भारतात हे टप्पे वेगळ्या क्रमाने आणि वेगळ्या गरजेतून आले. स्वातंत्र्यानंतर विलीज जीप, मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली हिंदुस्तान अँबेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जी 1974 पासून प्रीमियर पद्मिनी झाली, या गाड्यांनी रस्ता व्यापला. जीपला चारही चाकांशी कमानी होत्या. अँबेसेडरला पुढे टॉर्शन बार आणि मागे कमानी. पद्मिनीला पुढे वेटोळ्या स्प्रिंगा आणि मागे कमानी. मागची कमान तिन्हींत समान असल्याने ओझे वाढले की पाटा वाढवण्याचा लोहारी उपाय येथे दीर्घकाळ जिवंत राहिला. पश्चिम महाराष्ट्रात वडाप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सामायिक प्रवासी जीपगाड्यांना ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक माणसे वाहावी लागत, आणि वाढवलेल्या पाट्यांनी त्यांची मागची बाजू सावरली जाई. प्रवासी उतरल्यावर तीच गाडी रिकामी होऊन उसळत परते. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींच्या डिकीत गॅसचा सिलिंडर आला, तेव्हा त्याचे वजनही या मागच्या कमानींवरच पडले. कॅलिफोर्नियात गाडी खाली आणण्यासाठी जे पाटे काढले जात, ते येथे गाडी वर ठेवण्यासाठी घातले जात होते.

फॉस्टरच्या भोंग्याचे नाव घेऊन 1961 मध्ये मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल इंडियाचा शॉक ॲब्सॉर्बरचा कारखाना सुरू झाला, आणि महाराष्ट्रातील गॅरेजांत ज्याला सरसकट ‘शॉकअप’ म्हणतात तो भाग देशात बनून सुटा मिळू लागला. 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 ने मॅकफर्सन स्ट्रट घराघरांत पोहोचवला. खड्डे आणि वाटेल त्या उंचीचे गतिरोधक यांनी या छोट्या गाड्यांचे बूड घासू लागले, तेव्हा स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये रबरी बफर अडकवण्याचा स्वस्त उपाय लोकप्रिय झाला, कारण त्याला ना स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो ना कारागीर. परंतु बफर ज्या वेटोळ्यांमध्ये बसतो त्यांची हालचाल तो अडवतो, म्हणजे काम करणारी वेटोळी कमी करतो. वेटोळे कापल्याने स्प्रिंग जशी ताठ होते तशीच ती बफरनेही होते, आणि मूळचा डॅम्पर त्या वाढीव ताठपणाला पुरा पडत नाही. वेगळ्या केलेल्या कामांपैकी एक बदलले तर दुसरेही त्याच्या जोडीला बदलावे लागते, हा ओलींच्या काळापासूनचा धडा या रबरी तुकड्याच्या बाबतीतही तसाच लागू पडतो.

अलीकडच्या काळात मालकाच्या मोकळिकीवर कायदा आणि इलेक्ट्रॉनिकी अशा दोन बाजूंनी मर्यादा आल्या आहेत. भारतात 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणाऱ्या रचनाबदलाला आळा घालते, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात स्पष्ट केले की, निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतील तपशील विसंगत होईल असा बदल करता येत नाही. झिजलेला शॉक ॲब्सॉर्बर त्याच जातीच्या नव्याने बदलणे ही दुरुस्ती होय. गाडीची मूळ रचनाच पालटू लागली की ती दुरुस्ती राहत नाही. कॅलिफोर्नियाने उलट दिशा घेतली: लोरायडरांना छळणारे कलम 24008 विधिमंडळाने रद्द केले आणि 1 जानेवारी 2024 पासून ते संपुष्टात आले. कायद्याची ही चढउतार समाजाच्या दृष्टिकोनावर अवलंबून असते आणि म्हणून ती बदलू शकते. इलेक्ट्रॉनिकीने आणलेली मर्यादा अधिक टिकाऊ आहे. 2002 मध्ये कॅडिलॅकच्या सेव्हिल गाडीत आलेल्या मॅग्नेराइड डॅम्परमध्ये चुंबकीय कणमिश्रित द्रवाचा रोध विजेच्या प्रवाहाने क्षणाक्षणाला बदलतो; अशा गाडीत साधा डॅम्पर बसवला तर नियंत्रक तो दोष समजतो. काचेमागच्या कॅमेऱ्याने रस्ता पाहणाऱ्या गाड्यांत उंची बदलली की कॅमेऱ्याची नजरही चुकते, आणि ती पुन्हा जुळवायला कारखान्याचे उपकरण लागते.

कमानीने तीन कामे एका चवडीत ठेवली होती, तरी ती चवड डोळ्यांना दिसत होती आणि सुटी होत होती. आजच्या सस्पेन्शनमध्ये चौथे काम, म्हणजे निर्णय घेण्याचे, एका बंद डबीत गेले आहे आणि ते पान्याने उघडत नाही. याचा अर्थ घरगुती सुधारणेची प्रथा संपली असा होत नाही, कारण कमानीच्या जीप, स्ट्रटच्या जुन्या छोट्या मोटारी आणि दोन बोल्टांवर सुटणारे कॉइलओव्हर अजून मोठ्या संख्येने वापरात आहेत. त्या प्रथेचा विस्तार मात्र पुढे मालकांच्या उत्साहावर कमी आणि निर्माते आपल्या रचनेत किती जागा मोकळी ठेवतात यावर अधिक ठरेल. बीटलच्या सळईवरचे 40 आणि 44 दाते निर्मात्याने कारखान्यातील जुळणीसाठी कोरले होते आणि मालकांनी ते आपल्या रस्त्यासाठी वापरले. नियंत्रकाची आज्ञावली आणि कॅमेरा जुळवण्याचे उपकरण मालकाच्या आवाक्यात येईल की नाही, यावर त्याच प्रकारच्या मोकळिकीचे पुढचे रूप अवलंबून आहे.